जुन्या अमेरिकेतले साधेसुधे फोटो (आणि खिडकीतल्या पुठ्ठ्याचं एक कोडं)

भटकी_मांजर
मंडळी, बरेच महिने नुसती वाचत होते, आज एक कोडं घेऊन आलेय. गेल्या शनिवारी इथे ओहायोत एका घरी इस्टेट सेल होता. म्हणजे घरातली म्हातारी माणसं गेली की मुलं सगळं सामान, चमच्यांपासून कपाटापर्यंत, किमतीचे स्टिकर लावून विकायला काढतात आणि दोन दिवस अनोळखी लोक घरभर फिरत असतात, पहिल्यांदा गेले तेव्हा मला फार कसंतरीच झालं होतं, आता निर्ढावलेय. गेले होते बिडाचा तवा बघायला, तो माझ्या आधीच कुणीतरी उचलला होता, आणि घरी आले बुटाचं एक खोकं घेऊन. आत जुने फोटो, दोनेकशे असतील, सगळे मिळून पाच डॉलर. नवरा म्हणाला आपल्या आजोबांचा एक धड फोटो नाही घरात आणि दुसऱ्यांचे दोनशे आजोबा कशाला आणलेस. उत्तर नव्हतं माझ्याकडे.

तर त्यातला एक फोटो. घराचा मागचा पोर्च. पायरीवर ॲप्रन घातलेली पन्नाशीची बाई बसलीये, तिच्या शेजारी आठ-नऊ वर्षांची मुलगी, मुलीच्या मांडीवर कुत्रा, कुत्रा हललाय त्यामुळे त्याला दोन तोंडं आलीत. उजवीकडे एक माणूस उभा आहे पण फोटो काढणाऱ्याने त्याला अर्धा कापलाय. मागे पेन्सिलीने फक्त ऑगस्ट ४३ असं लिहिलंय, बाकी नाव नाही गाव नाही. आता कोडं. मागच्या खिडकीच्या काचेत एक चौकोनी पुठ्ठा लावलाय आणि त्याच्या चारही कडांना आकडे आहेत. वरच्या कडेला २५ सरळ दिसतं, बाजूच्या कडांवर ५० आणि ७५ आडवे, खाली १०० उलटं. त्याच्या पलीकडच्या खिडकीत एक छोटंसं फडकं टांगलंय, ते पडदा असेल.

काय आहे हा पुठ्ठा? आणि धागा काढलाच आहे तर तुम्हाला आवडलेले जुन्या अमेरिकेचे फोटो पण सांगा, पण राष्ट्राध्यक्ष, युद्ध, चंद्र वगैरे नको. स्वयंपाकघर, बसस्टॉप, दुकान, कपडे वाळत घातलेत, असलं काहीतरी.

शेवटचा_बाक
मटका आहे तो. ओपन २५ क्लोज १००. अमेरिकेत पण आपलीच माणसं पोचली होती :))

कोकणी_फणस
स्पीड लिमिट?? घराच्या मागच्या खिडकीत?? कुत्र्यासाठी असेल.

पेन्सिल
१९४३ आहे ना, मग रेशनचं काहीतरी असणार. युद्धात तिकडे साखर, कॉफी, मटण, अगदी बूटसुद्धा रेशनवर होते. पण रेशनची पुस्तकं असायची आणि त्यात स्टॅम्प, पुठ्ठा नाही. बघते शोधून.
बाकी धागा आवडला, वाचनखूण साठवलीये.

खवचट_काका
किती सुखी समाधानी माणसं होती हो तेव्हा. पायरीवर बसायचे, एकमेकांशी बोलायचे. आता सगळे मोबाईलात तोंड खुपसून.

भटकी_मांजर
काका, फोटोत कुणीच कुणाशी बोलत नाहीये, तिघंही कॅमेऱ्याकडे बघून डोळे बारीक करतायत कारण ऊन तोंडावर आहे :)
आणि सुखी समाधानी म्हणताय तर लुईस हाईन या माणसाचे फोटो बघा. हा मूळ शाळामास्तर, १९०८ पासून बालमजुरीविरुद्ध काम करणाऱ्या एका राष्ट्रीय समितीसाठी देशभर फिरून त्याने कामावरच्या मुलांचे फोटो काढले. पेनसिल्व्हेनियातल्या कोळशाच्या खाणीवर दगड निवडणारी पोरं, १९११ चा फोटो आहे, सगळ्यांची तोंडं काळी आणि टोप्या मोठ्या माणसांच्या. कॅरोलायनातल्या सूतगिरणीत यंत्रापुढे उभी असलेली एवढीशी पोरगी. मालक आत सोडायचे नाहीत म्हणून हा कधी बायबल विकणारा बनून जायचा कधी विम्याचा एजंट, खिशात हात घालून खिशातल्या खिशात टिपणं काढायचा आणि मुलांची उंची मोजायला स्वतःच्या कोटाची बटणं वापरायचा, कुठल्या बटणापर्यंत मूल येतं त्यावरून अंदाज, कारण वय विचारलं तर सगळी बारा सांगायची. मुलांच्या कामावर देशभर नीट लागू होणारा कायदा आला १९३८ मध्ये. हाईन १९४० मध्ये गेला तेव्हा कफल्लक होता.

डार्करूमवाला
नमस्कार. साताऱ्यात वडिलांचा स्टुडिओ होता, नंतर मी चालवला, आता बंद. त्यामुळे या धाग्यावर लिहिल्याशिवाय राहवत नाही.
मांजरताईंच्या खोक्यातले फोटो सामान्य माणसांनीच सामान्य माणसांचे काढलेत, ते शक्य कशामुळे झालं ते थोडं सांगतो. १८८८ साली जॉर्ज ईस्टमनने कोडॅक कॅमेरा काढला, किंमत २५ डॉलर, आत शंभर फोटोंचा रोल भरलेला. शंभर झाले की आख्खा कॅमेराच कंपनीला पाठवायचा, दहा डॉलरमध्ये ते फोटो धुऊन नवा रोल भरून परत पाठवणार. तरी २५ डॉलर म्हणजे चैनच. खरा बदल १९०० मध्ये, ब्राउनी नावाचा पुठ्ठ्याचा डबा कॅमेरा आला आणि त्याची किंमत एक डॉलर. रोल पंधरा सेंटला, सहा फोटोंचा. पोराटोरांच्या हातात कॅमेरा गेला. त्याच्या आधी फोटो म्हणजे स्टुडिओत जाऊन मान ताठ धरून बसायचं, पाठीमागे रंगवलेला पडदा. ब्राउनीमुळे फोटो अंगणात आला. आणि अर्धा कापलेला माणूस, दोन तोंडांचा कुत्रा, फोटो काढणाऱ्याची सावली पायाशी, हे पण तेव्हाच आलं. आमच्या वडिलांना असला फोटो दिसला असता तर फाडून टाकला असता. मला आता तेच आवडतात.

कोकणी_फणस
काका मस्त माहिती. लिहीत राहा.

भटकी_मांजर
वा काका! आता मी माझ्या आवडत्या साठ्याबद्दल लिहिते, जरा लांबेल.
महामंदीच्या काळात रूझवेल्टच्या सरकारने कंगाल झालेल्या शेतकऱ्यांसाठी एक खातं काढलं, १९३५ ची गोष्ट. या खात्याच्या योजना लोकांच्या गळी उतरवायच्या तर परिस्थिती दाखवायला पाहिजे म्हणून फोटोंचा एक छोटा विभाग केला आणि त्यावर रॉय स्ट्रायकर नावाचा माणूस नेमला. हा कोलंबिया विद्यापीठात अर्थशास्त्र शिकवायचा, स्वतः फोटोग्राफर अजिबात नाही. पण त्याने माणसं काय निवडली बघा, डोरोथिया लँग, वॉकर इव्हान्स, रसेल ली, आर्थर रॉथस्टीन, मॅरियन पोस्ट वॉलकॉट, जॅक डेलानो, जॉन व्हाशॉन, नंतर गॉर्डन पार्क्स. व्हाशॉन तर आधी ऑफिसात निरोप्या होता, फोटोंना लेबलं लावता लावता फोटोग्राफर झाला. पुढे युद्ध आल्यावर हा विभाग युद्धप्रचाराच्या खात्यात गेला. आज लायब्ररी ऑफ काँग्रेसकडे या सगळ्याच्या सुमारे १ लाख ७५ हजार ब्लॅक अँड व्हाइट निगेटिव्ह आहेत, आणि सरकारी नोकरांचं काम म्हणून त्यावर कॉपीराइट नाही, कुणीही घरी बसून मोठी फाइल डाउनलोड करा आणि झूम करत बसा. मी रात्री दोन दोन वाजेपर्यंत बसते.
स्ट्रायकर फोटोग्राफरांना आधी वाचायला लावायचा, ज्या भागात चाललात तिथे काय पिकतं, कापूस कसा विकला जातो, आणि मग याद्या पाठवायचा. संध्याकाळी लोक घरी काय करतात, भिंतीवर काय लावतात, कामावर कसे दिसतात आणि सुट्टीच्या दिवशी कसे. या याद्यांमुळे फोटो नुसते गरिबीचे झाले नाहीत. मला तर वाटतं मधला माणूस सोडून कडेला बघावं. दक्षिणेतल्या खंडकऱ्यांच्या झोपड्यांत भिंतींना आतून वर्तमानपत्रं चिकटवलेली असायची, फटींतून वारा येऊ नये म्हणून. रॉथस्टीनने १९३७ मध्ये अलाबामात जीज बेंड नावाच्या कृष्णवर्णीय वस्तीत एक फोटो काढलाय, खिडकीत एक मुलगी, उघडलेल्या झडपेला कागद चिकटवलेला आणि त्यावरच्या जाहिरातीत हसरी गोरी बाई खाण्याचं ताट घेऊन उभी. कॅप्शनमध्ये या जाहिरातीबद्दल एक अक्षर नाही.

अप्पा_कराड
ताई, पत्र्याच्या ट्रंकेत तळाला पेपर घालायचो ते आठवलं. पण ट्रंकेत आणि भिंतीला यात फरक आहे.
मी ते धुळीच्या वादळाचे फोटो बघितलेत, ओक्लाहोमातला बाप आणि दोन पोरं वाऱ्यात झोपडीकडे पळतायत. तो याच लोकांचा का? तो बघून मला ७२ चा दुष्काळ आठवला. मी नववीत होतो, रेशनवर अमेरिकेची तांबडी ज्वारी मिळायची, मिलो म्हणायचे, भाकरी थापली की तुटायची आणि घशाखाली उतरायची नाही. तेव्हा कुणी सांगितलं असतं की हे धान्य पाठवणाऱ्यांच्या देशात आपल्यासारखीच माती उडून गेली होती तर पटलं नसतं.

भटकी_मांजर
हो अप्पा, तोच. रॉथस्टीन, सिमारॉन काउंटी, १९३६. तेव्हा तो विशीतला पोरगा होता.

खवचट_काका
हाच ना तो रॉथस्टीन ज्याने बैलाची कवटी उचलून भेगाळलेल्या जमिनीवर नेऊन ठेवली आणि फोटो काढला? सरकारी फोटो म्हणजे सरकारी जाहिरात. पोज दिलेलं सगळं. तुम्ही बसा रडत रात्री दोन वाजेपर्यंत.

पेन्सिल
कवटी हलवली हे खरंय काका. साउथ डकोटा, १९३६. दहाएक फूट हलवली आणि वेगवेगळ्या उजेडात फोटो काढले, निवडणुकीचं वर्ष होतं, विरोधी पेपरांनी रान उठवलं. पण कवटी तिथलीच होती आणि दुष्काळ पण खराच होता. "सगळं" म्हणणं जरा जास्त होतंय.

शेवटचा_बाक
काकांनी स्वतःच्या लग्नाच्या अल्बममध्ये हार घालताना फोटोग्राफरसाठी किती वेळा थांबले ते सांगावं.

डार्करूमवाला
पोजचं म्हणाल तर आम्ही निगेटिव्हवर पेन्सिल चालवून म्हाताऱ्यांच्या सुरकुत्या काढायचो, त्यामुळे मी न बोललेलं बरं. पण एक गंमत सांगतो. नेब्रास्कात १८८६ पासून सॉलोमन बुचर म्हणून एक माणूस घोडागाडीतून फिरून वसाहतकऱ्यांचे फोटो काढायचा. तिकडे लाकूड नाही, दगड नाही, त्यामुळे लोक गवतासकट जमिनीचे थर कापून विटांसारखे रचायचे आणि त्याची घरं. तर तिथल्या एका बाईला पूर्वेकडच्या नातेवाइकांना दाखवायचं होतं की आमच्याकडे ऑर्गन आहे, पण मातीचं घर दिसायला नको होतं. मग काय केलं, ऑर्गन ओढत अंगणात आणला, त्याच्याभोवती सगळं कुटुंब उभं केलं, मागे गुरं. असा फोटो आहे. आता ही पोजच. पण त्या पोजमधून त्या बाईला कशाची लाज वाटत होती आणि कशाचा अभिमान ते जितकं कळतं तितकं चोरून काढलेल्या फोटोत कळलं नसतं. आणि बुचरची काचेची प्लेट कुठे खराब झाली तर तो तिथे सरळ पक्षी काढून वेळ मारून न्यायचा.

कोकणी_फणस
ऑर्गन अंगणात =)) आमच्याकडे पहिला टीव्ही आला तेव्हा सगळ्या फोटोंत टीव्ही मागे आहे, वर क्रोशाचा रुमाल आणि प्लॅस्टिकची फुलं. सेम टू सेम.

आयोवाकर
मी आयोवात राहतो त्यामुळे माझा आवडता इथला. क्लिंटन म्हणून गाव आहे मिसिसिपीच्या काठावर. १९४३ चा एप्रिल, जॅक डेलानोने रेल्वेच्या इंजिन शेडमधल्या बायकांचा जेवणाच्या सुट्टीतला फोटो काढलाय. पुरुष युद्धावर गेलेले, तर या वाफेची इंजिनं पुसायचं काम करायच्या. डोक्याला रुमाल, अंगात मळके ओव्हरऑल, आणि एकीने नेलपॉलिश लावलंय. हा फोटो रंगीत आहे! कोडॅक्रोम नावाच्या रंगीत फिल्मवर काढलाय. मला आधी वाटायचं संगणकावर रंग भरलेत, पण नाही, खरे रंग. त्या साठ्यात असे सोळाशेच्या आसपास रंगीत आहेत. डेलानोचेच १९४१ चे व्हरमाँटच्या जत्रेचे बघा, न्यू मेक्सिकोतल्या पाय टाउन नावाच्या गावाचे रसेल लीचे बघा. ब्लॅक अँड व्हाइटमध्ये ती माणसं कुठल्यातरी दुसऱ्या युगातली वाटतात आणि रंगीतमध्ये परवा भेटल्यासारखी.

भटकी_मांजर
आयोवाकर, पाय टाउन! जमिनीत अर्धं खोदलेलं घर, छत ओंडक्यांचं, आणि आत टेबलावर स्वच्छ कापड घालून जेवायला बसलेत. ली घरात फोटो काढताना फ्लॅश वापरायचा म्हणून त्याच्या फोटोत कोपऱ्यातल्या बरण्या, कॅलेंडर, खिळ्याला टांगलेली पँट सगळं लख्ख दिसतं. कलावाले नाक मुरडतात त्या फ्लॅशला, मला तर तोच हवा असतो.

पेन्सिल
सगळे जत्रा आणि बरण्या सांगतायत म्हणून मी दुसरं सांगते. मॅरियन पोस्ट वॉलकॉटचा १९३९ चा फोटो, मिसिसिपीत बेल्झोनी. सिनेमाच्या थिएटरला बाहेरून जिना आहे आणि टोपी घातलेला एक कृष्णवर्णीय माणूस एकटा वर चढतोय, कारण त्यांचं दार वेगळं, बसायचं वर माडीवर. भिंतीवर कोल्ड्रिंकची मोठी जाहिरात. आणि खाली कोपऱ्यात एका दारावर लिहिलंय, फक्त गोऱ्या पुरुषांसाठी. कडेलाच आहे बघा मांजरताई, तुमच्या म्हणण्याप्रमाणे. व्हाशॉनचा अजून एक आहे, १९३८, नॉर्थ कॅरोलायनात हॅलिफॅक्सच्या कोर्टाच्या हिरवळीवर पिण्याच्या पाण्याचा नळ, एक मुलगा तिथे, आणि शेजारी झाडाला पाटी ठोकलीये, काळ्यांसाठी. वेगळं पाणी. आपल्याला हे समजावून सांगायला लागत नाही.
आणि हे फोटो काढायला कुणी पाठवलं, तर सरकारने. त्याच सरकारच्या वॉशिंग्टनमधल्या ऑफिसची फरशी रात्री पुसणारी बाई, एला वॉटसन, हिला गॉर्डन पार्क्सने १९४२ मध्ये मोठ्या झेंड्यापुढे उभं केलं, एका हातात झाडू, मागे मॉप. पार्क्स या विभागातला कृष्णवर्णीय फोटोग्राफर. तो एक फोटो काढून थांबला नाही, तिच्या घरी गेला, नातवंडं, चर्च, किराणा, सगळं काढलं.

अप्पा_कराड
पेन्सिलताई, शेवटचं वाक्य दोनदा वाचलं. पाण्याचं.

खवचट_काका
ते 'स्थलांतरित आई' नावाच्या फोटोचं सांगा कुणीतरी. एवढा मोठा फोटो आणि बाईला दमडी मिळाली नाही म्हणे.

भटकी_मांजर
काका आज तुम्ही बरोबर बोललात, तारीख लिहून ठेवते.
मार्च १९३६, कॅलिफोर्नियात निपोमो. थंडीपावसाने वाटाण्याचं पीक गेलेलं, तोडणीला आलेले मजूर तंबूत अडकलेले. डोरोथिया लँग महिनाभराचं काम संपवून घरी चालली होती, रस्त्यात वाटाणे तोडणाऱ्यांच्या तळाची पाटी दिसली, ती तशीच पुढे गेली, वीस मैल गेल्यावर मनात राहवेना म्हणून गाडी वळवून परत आली. जेमतेम अर्धाएक डझन फोटो काढले असतील आणि त्यातला शेवटचा जगभर गेला. बाईचं वय ३२ लिहिलं पण नाव विचारलंच नाही. फोटो पेपरात आल्यावर तळावर वीस हजार पौंड अन्न पोचलं, तोवर हे कुटुंब तिथून निघून गेलेलं. फ्लोरेन्स थॉम्पसन हे तिचं नाव लोकांना कळलं १९७८ मध्ये, बेचाळीस वर्षांनी, आणि तीही मूळची चेरोकी, म्हणजे अमेरिकेतल्या मूळ रहिवाशांच्या जमातीतली, जी गोष्ट फोटो बघणाऱ्या कुणाच्या डोक्यातही नव्हती. तिला राग होता त्या फोटोचा. गाडीचे टायर विकून खाल्लं असं लँगने लिहिलं होतं, घरचे म्हणाले आम्ही टायर विकलेच नव्हते. आणि अजून एक, मूळ निगेटिव्हमध्ये उजवीकडे खाली तंबूच्या खांबाला धरलेला अंगठा दिसतो, तो लँगला खटकला म्हणून १९३९ मध्ये पुसून घेतला. स्ट्रायकर चिडला होता. गंमत म्हणजे हाच स्ट्रायकर सुरुवातीला न आवडलेल्या निगेटिव्हना पंचने भोक पाडायचा, कायमचं बाद. आज ते फोटो छापले की कुणाच्या छातीवर, कुणाच्या कपाळावर काळा गोल असतो.

डार्करूमवाला
निगेटिव्हला भोक! हात कसा धजावला. वाईट निगेटिव्हसुद्धा आम्ही पाकिटात घालून ठेवायचो.

कोकणी_फणस
अवांतर: अमेरिकेतल्या जुन्या फोटोंत मराठी माणूस म्हटलं की आनंदीबाई जोशी. फिलाडेल्फियाचा तो ऑक्टोबर १८८५ चा, तिघी डॉक्टरकीच्या विद्यार्थिनी आपापल्या देशाच्या पोशाखात, मध्ये जपानची केई ओकामी, एका बाजूला दमास्कसची, एका बाजूला आपल्या आनंदीबाई साडीत. फोटो समारंभाचा आहे, रोजचा नाही, पण रोजचं वर्णन हवं तर पंडिता रमाबाईंनी आहे की केलेलं. त्या आनंदीबाईंच्या पदवीदानाला १८८६ मध्ये गेल्या आणि मग तिथल्या लोकांच्या राहणीवर मराठीत आख्खं पुस्तक लिहिलं, १८८९ ला आलं.

लिंबूटिंबू_जर्सी
थांबा थांबा थांबा. कोडं सुटलं.
माझ्या शेजारी एक्क्याण्णव वर्षांच्या आजी राहतात, मी त्यांना पोळ्या देते आणि त्या मला टोमॅटो. त्यांना फोनवर मांजरताईंचा फोटो दाखवला. चष्मा पण नव्हता, एका सेकंदात म्हणाल्या, आईसमॅन!
फ्रिजच्या आधी घरोघरी बर्फाचं कपाट असायचं, लाकडी, आतून पत्रा, वरच्या कप्प्यात बर्फाची लादी आणि खाली दूध-लोणी. बर्फवाला गाडी घेऊन गल्लीत यायचा. त्याने दर घरी खाली उतरून विचारत बसू नये म्हणून खिडकीत हा पुठ्ठा लावायचा, आज जितके पौंड बर्फ हवा तो आकडा वर येईल असा फिरवून. २५, ५०, ७५, १००. तो रस्त्यावरूनच वाचायचा, तेवढी लादी फोडायचा, चिमट्यात धरून खांद्यावर चामडं टाकून त्यावरून थेट स्वयंपाकघरात. आजी म्हणाल्या आम्ही पोरं गाडीमागे पळायचो, फोडताना उडालेले तुकडे चोखायला. आणि कपाटाखाली वितळलेल्या पाण्याचं भांडं असायचं, ते रिकामं करायचं काम त्यांच्याकडे, विसरलं की स्वयंपाकघरात तळं आणि पाठीत धपाटा.

शेवटचा_बाक
म्हणजे मटका नव्हता. मन मोडलं.

आयोवाकर
भारी!! पण १९४३ मध्ये बर्फ? फ्रिज आलेले होते की.

पेन्सिल
आलेले होते, पण १९४२ मध्ये युद्धामुळे घरगुती फ्रिज बनवणंच बंद केलं होतं, कारखाने युद्धसामग्रीकडे वळवले. ज्याच्याकडे होता त्याच्याकडे होता, बाकीच्यांना बर्फच.

भटकी_मांजर
लिंबूताई तुम्हाला आणि आजींना साष्टांग नमस्कार. मी तीन दिवस त्या पुठ्ठ्याकडे बघतेय आणि आजींना एक सेकंद!

लिंबूटिंबू_जर्सी
ताई, आजी अजून काहीतरी म्हणतायत. दुसऱ्या खिडकीतलं फडकं मोठं करून पाठव म्हणतात. पडदा नाहीये तो असं म्हणणं आहे त्यांचं.

भटकी_मांजर
आत्ताच पुन्हा स्कॅन केला, जितका मोठा होतो तितका. उभं आयताकृती फडकं आहे, कड गडद, आतला भाग पांढरा, आणि मध्ये एकाखाली एक दोन तारे. फाटेस्तोवर झूम केला तर तारे पण धूसर होतात. एक गडद दिसतो आणि एक फिका.

लिंबूटिंबू_जर्सी
दाखवलं. आजी जरा वेळ गप्प बसल्या. मग म्हणाल्या, घरातली जितकी मुलं सैन्यात तितके तारे. लाल कड, पांढरं कापड, निळे तारे. त्यांच्या घरात पण होता, एक, मोठ्या भावासाठी. तो आला परत.

पेन्सिल
हो, ही पद्धत पहिल्या महायुद्धापासूनची. १९१७ मध्ये ओहायोतल्याच एका कॅप्टनने आपल्या दोन मुलांसाठी पहिला असा झेंडा केला. मुलगा सैन्यात असेल तर निळा तारा. मुलगा गेला तर त्या निळ्यावर सोनेरी तारा शिवायचा.

अप्पा_कराड
म्हणजे फिका तो सोनेरी का?

डार्करूमवाला
अप्पा, असं पटकन म्हणता येणार नाही. त्या काळातला हौशी लोकांचा रोल बहुतेक ऑर्थोक्रोमॅटिक असायचा. त्या फिल्मला लाल दिसतच नाही, लाल सगळं काळं येतं, म्हणून तर आम्ही लाल दिव्यात ती धुवायचो. आणि निळं मात्र डोळ्याला दिसतं त्यापेक्षा फिकं येतं, म्हणून जुन्या फोटोत आभाळ कोरं पांढरं असतं. झेंड्याची लाल कड तुमच्याकडे गडद आलीये, म्हणजे रोल ऑर्थो असण्याची शक्यता आहे. तसं असेल तर निळा तारासुद्धा फिका येऊ शकतो. आणि तारा काचेच्या आत, वर उन्हाची चकाकी. सोनेरीला निळी कड राहते ती दिसली असती तर सांगता आलं असतं, पण ब्राउनीच्या भिंगाकडून एवढी अपेक्षा नको.
मात्र दोन तारे एकसारखे नाहीत एवढं नक्की.

कोकणी_फणस
म्हणजे कुठला ते कळत नाही पण दोघांपैकी एक...

डार्करूमवाला
हो.

लिंबूटिंबू_जर्सी
ताई एक विचारू? ऑगस्ट आहे ना मागे लिहिलेलं. ऐन उन्हाळा. आजी म्हणतात त्यांच्याकडे उन्हाळाभर पन्नास वर असायचं, माणसं जास्त असली तर पंच्याहत्तर.

भटकी_मांजर
हो. माझ्या फोटोत वर २५ आहे.